मागून दबणारी गाडी

धुळे, १२ एप्रिल २०२५

ती. हेमलताअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या सासूबाई शेजारी असतात, म्हणून लिहितो.

काल अंगणात मोटरसायकलचे मागचे शॉकअप कडक केले. आखाजीच्या सणाला तुम्हा दोघी बहिणींना माहेरी आणायचं म्हणून दरवर्षी करायचो. या वेळी कारण वेगळं. मी एकटा बसलो तरी गाडी मागून दबते. पान्याने कडं शेवटच्या खाचेपर्यंत फिरवलं. स्प्रिंग शाबूत, तेल गळत नाही. रिकामी उभी असली की गाडी ठीक. मी बसतो, आणि जरा वेळाने ती पुन्हा दबते.

गेल्या आठवड्यात साक्रीहून येताना सवयीने मोनालीच्या सासरी वळलो. दिवाळीत ती वारली, तिला खांदा मीच दिला. तरी दाराशी गाडी उभी केली आणि दरवर्षीसारखी हाक मारली, ‘मोनाली, चाल वं, आखाजी उनी.’ मग दाराचं कुलूप दिसलं. तिच्या घरचे सगळे कायमचे सुरतेला गेलेत. तेव्हापासून गाडी अशी.

हसून झालं की उत्तर लिही. माया असू दे.
तुझा रोहिदास

भडगाव, १७ एप्रिल

चि. रोहिदास यास,
अनेक आशीर्वाद.

तुझंच पोट सुटलंय, असं लिहिणार होते. मग त्या हाकेपाशी आले आणि हसू गेलं.

भाऊ मुऱ्हाळी होऊन दारात येतो, हाक मारतो, तेव्हा लेक माहेरी निघते. तू हाक मारलीस, ती आली. आता सण झाला की तिला सासरी पोचव, मला पोचवतोस तशी. नाहीतर ती मागे बसूनच राहील आणि एक दिवस तुला सोबत नेईल. मला एकच भाऊ आहे.

मी एसटीने येते. मुऱ्हाळ्याशिवाय सून पाठवायला सासूबाई तयार नव्हत्या, पण ऐकलं त्यांनी. तुमच्या गाडीवर तिसरीला जागा नाही.

हळू चालव. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का

धुळे, ४ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला एसटीत बसवलं आणि तसाच साक्रीकडे निघालो. प्रत्येक वळणावर गाडी माझ्या जरा आधी झुकायची. मोनाली मागे बसून तसंच करायची, मी रागवायचो. या वेळी रागावलो नाही.

दाराशी थांबलो. उंबऱ्यावर सांजोऱ्या ठेवल्या, गाडीवर बसलो आणि तिला उतरायला सांगितलं. गाडी मागून हळूहळू वर आली. माझ्या खांद्यावर हात टेकून कोणी उतरावं, तशी.

परत निघालो. शॉकअप कडक, मागे कोणी नाही. गाडी खड्ड्याखड्ड्याला उडायला लागली. गावाबाहेर थांबून ते नरम करायला बसलो. कडं एक खाच फिरवलं आणि हात थांबला. त्या घरात दिवा लावायला माणूस नाही. सासरी पोचव म्हणालीस, पण अक्का, ते सासर उरलंय कुठे?

कडं पुन्हा जागेवर नेलं आणि मागे फिरलो. या वेळी कळूनसवरून हाक मारली.

आम्हा दोघांवर लोभ असू दे.
रोहिदास