उघडी मनगटं

४ ऑगस्ट

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. तब्येत बरी आहे. दुकानात जायला लागलो. चष्म्यांच्या काचा घासताना निदान बोलावं लागत नाही.

एका गोष्टीची भीती बसली आहे. हिचे, तुमच्या धाकटीचे, हात थरथरू लागल्यापासून ही मला कविता सांगायची आणि मी लिहून घ्यायचो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग मी वाचून दाखवायचो. ओळ चुकली की ही चमचा कपावर वाजवायची, बरोबर असली की नुसता चहा प्यायची. मला कवितेतलं काही कळत नाही. माझी पत्रंसुद्धा मी हिला वाचून दाखवूनच टपालात टाकायचो. ही गेल्यावरही रोज सकाळी रिकाम्या खुर्चीसमोर वाचत बसतो. हसू नका.

शेवटची कविता लहानच आहे:

दारामागच्या खुंटीवर एक आवाज होता,
तोच अंगात घालून मी बोलत राहिले.
मनगटं तेवढी उघडी पडली.

प्रकाशकांनी कळवलं की शेवटच्या ओळीत बाई स्वतः समोर उभ्या राहतात. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. पहिल्या दोन ओळी हिने सांगितल्या, हे नक्की. तिसरी हिची, की ही गेल्यावर वाचता वाचता माझ्याच तोंडून आली, काही केल्या आठवत नाही. कप वाजला नाही. पण आता तो कसा वाजणार?

ओळ माझी असेल, तर हिच्या नावावर मी परकं काही छापतो आहे. हिची असेल आणि मला ओळखता येत नसेल, तर इतकी वर्षं मी कुणासमोर बसलो होतो? काल गिऱ्हाइकाशी बोलताना हिचा एक शब्द तोंडात आला आणि मी दचकून मागे पाहिलं. पुस्तक पुढच्या आठवड्यात छपाईला जातं. तुम्हीच सांगा.

या भित्र्या माणसावर लोभ राहू द्या.
आपला,
भाऊजी


७ ऑगस्ट

चष्मेवाल्या भाऊजींना,
स. न. वि. वि.

हसू नका म्हणालात म्हणून आधी हसले, मग उठून दाराला कडी घातली. चहात साखर किती, हेही तुम्ही धाकटीच्या तोंडाकडे बघून सांगायचात. तुम्ही कविता केलीत, हे कोण मानेल?

पण ओळ तुमचीच आहे. धाकटी माझे उतरलेले कपडे घालून वाढली. बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या, आई दुमडून टाके घालायची. पुढे स्वतःच्या मापाचे शिवले तरी ती हात बाहीत लपवूनच बसायची. दुसऱ्याचं अंगात घातलं की हात दिसेनासे होतात, एवढंच तिला माहीत. उघडी पडली ती तुमची मनगटं. लग्नात मागून आणलेला तो आखूड बाह्यांचा कोट आठवा. आम्ही सगळ्या हसून बेजार झालो होतो.

त्या ओळीच्या जागी ती काय म्हणाली असती, ते मला सांगता येत नाही. कडी घातली ती त्यामुळेच, रडताना कुणी बघायला नको म्हणून.

वेळेवर जेवत जा. चेष्टेचा राग मानू नका, माया आहे म्हणून करते.
तुमची,
ताई


११ ऑगस्ट

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

लग्नाचा फोटो काढून पाहिला. तुमचं खरं आहे.

ओळ काढायला सांगितली. प्रकाशक नाराज झाले. म्हणाले, सगळ्या पुस्तकात तीच एक ओळ अगदी बाईंची होती. मी वाद घातला नाही. आता दोनच ओळी छापतील, खाली कागद कोरा.

ओळ माझी ठरली की भीती जाईल, असं वाटलं होतं. गेली नाही. आज सकाळी खुर्चीसमोर त्या दोन ओळी वाचल्या आणि थांबलो. ही तिथेच थांबली आहे. पुढे मी एकटा, आणि हा मी कोण, ते मला नीट ठाऊक नाही. आजवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मग चहा केला. साखर माझ्या मनाने घातली. जास्त झाली.

हे पत्र कुणालाही वाचून न दाखवता टाकतो आहे. चुका राहिल्या असतील. त्या माझ्या आहेत. त्यांच्यासकट लोभ असू द्यावा.

आपला,
भाऊजी