डाव्या हाताचं औक्षण

गुरुवार, १० एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर माझ्या लेकीहून, मीराहून वाईट, आणि ती आत्ता सहा वर्षांची आहे.

काल संध्याकाळी आई मीराला घेऊन खाली झोपाळ्यावर गेली होती. शनिवारी आईचा वाढदिवस, दिवसभर हेगला जाऊ, असं मी परस्पर ठरवलं. निखिलला विचारलं नाही. झालं! चमचे काढायला ड्रॉवरमध्ये हात घातला होता, नि.ने लाथ मारून ड्रॉवर बंद केला. उघडला, परत लाथ. मी ओरडले नाही. नंतर बर्फ त्यानेच काढून दिला. दरवेळी देतो.

आज डॉक्टरीणबाईंना सांगितलं, सायकलवरून पडले. या सायकलींच्या देशात एवढं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. हाड शाबूत, मनगट सुजलंय. आईलाही तेच सांगितलं. "बघून चालवावी गं," म्हणाली.

शुक्रवार, ११ एप्रिल

आई जावयाला गरम पुरणपोळी वाढतेय. "निखिलराव, अजून एक घ्या. तूप?" तेच गरम तूप त्याच्या तोंडावर ओतावं असं वाटलं. खरंच वाटलं.

भांडी आवरताना नि.ने मागून येऊन मान धरली. कानात म्हणाला, "आई आहे म्हणून वाचतेयस." आई २० तारखेला पुण्याला परत जाणार. त्यानंतर या घरात आम्ही तिघंच.

आईला सांगावं? ती म्हणेल, जरा जुळवून घे. किंवा म्हणणार नाही. कुठलं जास्त वाईट, कळत नाही.

शनिवार, १२ एप्रिल. आईचा वाढदिवस.

सकाळी औक्षण. पाट नाही म्हणून आईला मीराच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. नवी साडी, त्यावर माझा स्वेटर, एकदम गोड दिसत होती. ताम्हण उजव्या हाताने उचललं, कळ थेट खांद्यात गेली. डाव्या हातात घेतलं.

"अगं, डाव्या हाताने ओवाळतात का?"

नि. लगेच म्हणाला, "सायकलवरून पडली ना आई. काय करणार बिचारी."

"कुठली सायकल?" आई हसतच म्हणाली. "ती तर मी आल्यापासून खाली पंक्चर पडलीय. मीच पुसून ठेवली."

तेवढ्यात मीराने केकची मेणबत्ती समजून निरांजन फुंकलं. एरवी आई रागावली असती. आज नुसती माझ्या मनगटाकडे बघत बसली.

तरी गेलो. आमच्या डीमनहून ट्रेन, हेगमध्ये ट्राम, मग समुद्र. वारा इतका की आईचा पदर आवरेना. ट्राममधून उतरताना मी कार्ड टेकवायला विसरले, चेक-आउट राहिलं, आता जादा पैसे कापले जाणार. नि. हसला. हसला की मला भीती वाटते. एका आजोबांना म्हणाला, आमचा फॅमिली फोटो काढता का? सगळे ओळीत उभे. त्याने माझा हात हातात घेतला, सुजलेलाच, आणि पिळला. "स्माइल," म्हणाला. मी केलं स्माइल.

"हात सोड तिचा."

आई. जावयाला! आठ वर्षांत अहो-जाहो सोडलेलं नाही तिने.

"आई, गंमत करतोय मी—"

खाडकन वाजवली. चष्मा वाळूत. तो सावरतोय तोवर पिशवीतला स्टीलचा डबा, पोळीभाजीसकट, त्याच्या कपाळावर. भुवई फुटली, रक्त डोळ्यात, शर्टावर, वाळूवर. आई परत डबा उचलत होती.

आणि मी काय केलं? मी त्याच्याकडे धावले. ओढणी त्याच्या कपाळाला दाबून आईवर ओरडले, "वेड लागलंय का तुला!" आईचा हात धरून ढकलला. ती वाळूत बसली. नव्या साडीत.

रविवार, १३ एप्रिल

नि.ला टाके पडले. दवाखान्यात काय सांगितलं त्याने? सायकलवरून पडलो. मला हसू आलं आणि मग थांबेना. बाथरूममध्ये जाऊन हसले.

तो म्हणतो, आईने माफी मागावी, नाहीतर उद्याच परत पाठवतो. हे आईला सांगताना मला लाज वाटली. आई म्हणाली, "मागते. तू आधी त्या सायकलचं पंक्चर काढून आण."

मग मीराचे कपडे घडी घालत बसली.

मीराला जवळ घेतलं. आजीचा राग नको करूस, म्हटलं. ती नेहमीसारखी डचमध्येच बोलली. म्हणाली, पण आपल्याकडे तर फक्त बाबा मारतो ना? आजी का?

मला वाटत होतं ती झोपलेली असते. कार्टून बघत असते. काय काय वाटत होतं मला.

मंगळवार, १५ एप्रिल

काल मीराच्या वर्गात सगळ्यांनी गोल बसून शनिवार-रविवारच्या सुट्टीत काय केलं ते सांगायचं होतं. मीराने सांगितलं. आज बाईंनी मला बोलावलं. नि.ने सकाळी दारात अडवून बजावलं, "नीट विचार करून बोल." आई माझ्याबरोबर निघाली तेव्हा दारातून बाजूला झाला. कपाळावर पट्टी.

मुलांच्या इवल्या खुर्च्यांवर आम्ही दोघी. बाई हळूहळू बोलल्या, मला समजावं म्हणून. मीरा म्हणते बाबा आईला मारतात. खरं आहे का?

आई माझ्याकडे बघतेय. तिला एक अक्षर कळलेलं नाही. मी दोघींना काहीही सांगू शकत होते.

तोंड उघडलं. इतकी वर्षं शिकलेलं डच, एक शब्द आठवेना. फक्त सायकलचा आठवला. तोच जिभेवर आला होता.

आईने माझी बाही वर सारली. पार कोपरापर्यंत.

बाई बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलताहेत. माझा फोन पर्समध्ये सारखा थरथरतोय, नि.चाच असणार. मीरा पलीकडे चित्र काढतेय. आईने विचारलं, झालं का? घरी जायचं ना?

मी म्हटलं, थांब.