भिंगरीची खोली आवरल्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्याने आज पाचच अंगे टेकली आहेत, उरलेली हळूहळू टेकवीन). तुझा रक्तदाब, तुझा मोतीबिंदू आणि शेजाऱ्यांशी चाललेला पाण्याच्या टाकीचा वाद, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मागच्या पत्रातले तुझे 'या वयात ही नसती उठाठेव कशाला' हे वाक्य आम्ही उभयतांनी वाचले आणि, तुझ्या सर्व उपदेशांप्रमाणे, आदराने बाजूला ठेवले.

तर ती उठाठेव, म्हणजे आमची भिंगरी, आता एक वर्षाची झाली. (तशी तेराची, आमच्या घरी एक.) सरकारी बालगृहातून ती आली तेव्हा सरकारने आम्हाला 'प्रतिपालक' अशी पदवी दिली. शब्द शुद्ध संस्कृत, त्यामुळे मी हुरळून गेलो. अर्थ पुढे अनुभवाने कळला: न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन ताटकळणारा गृहस्थ. तिची शाळा, दवाखाना, अधूनमधून विचारपूस हे सरकार पाहते. बाकीचे, म्हणजे ती स्वतः, आम्ही पाहतो. पोर मोठी गुणाची. फक्त कुठलीही वस्तू आतून कशी दिसते हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. टेबलफॅन, इस्त्री, माझे घड्याळ, सगळ्यांचे अंतरंग आम्ही पाहून घेतले आहे. जन्मभर शास्त्रे शिकवून मला एवढा आत्मानात्मविवेक साधला नव्हता.

वर्ष झाले की अधिकारी बाई घर पाहायला येणार आणि भिंगरीने सज्ञान होईपर्यंत आमच्याकडे राहावे की नाही ते ठरणार, असा नियम. बाई येणार हे कळल्यापासून तुझ्या भावजयीच्या अंगात आले. (मी विरोध केला. क्षीण, पण केला.) भिंगरी शाळेत जाताच तिची खोली आवरायला घेतली. खिडकीत वाळणारे मोजे, पलंगाखालचा पंखा, तेलात भिजत घातलेली सायकलची साखळी (आमच्या चांगल्या काचेच्या वाडग्यात), भिंतीवरची यंत्रांची चित्रे, सगळे खोक्यांत भरून माळ्यावर गेले. चादरीला इस्त्री झाली (इस्त्री त्या दिवशी सुदैवाने जोडलेल्या अवस्थेत होती). टेबलावर एकच पुस्तक, तेही काटकोनात. या खोलीत कुणा थोर पुरुषाचे निधन झाले असावे आणि आता ती तिकीट लावून दाखवतात, असा देखावा तयार झाला.

बाई आल्या. त्यांनी कपाट उघडले, पलंगाखाली वाकून पाहिले आणि अगदी सौम्यपणे विचारले, "मुलगी इथं कधीपासून राहत नाही?"

मी तत्काळ खुलासा सुरू केला. माझे खुलासे तुला ठाऊक आहेत. आधी मंगलाचरण, मग पूर्वपक्ष, आणि सिद्धान्त येईपर्यंत ऐकणारा जेवायला निघून गेलेला असतो. पूर्वपक्षातच बाईंची खात्री पटली की आम्ही पोरीला कुठेतरी पाठवून दिले आहे. जमत नसेल तर सरळ सांगा, म्हणाल्या, लपवू नका. शेवटी पुराव्यादाखल खोकी उतरवायला मी शिडीवर चढलो आणि पुरावा माझ्यावर कोसळला. गळ्यात साखळी, टकलावर तेल, खांद्यावर मोजा, अशा थाटात मी उभा असताना भिंगरी शाळेतून आली.

ताई, तिने मला पाहिलेच नाही. तिने खोकी पाहिली आणि बाई पाहिल्या. आजवर तिचे सामान खोक्यात गेले की मागोमाग तीही दुसऱ्या पत्त्यावर गेली आहे, हे आम्हा दोघा शहाण्यांना सुचलेच नव्हते. पाठीवरचे दप्तरही न उतरवता ती म्हणाली, "मला आता कुठं पाठवताय?"

"कुठ्ठं नाही गं," तुझी भावजय म्हणाली. "बाई येणार म्हणून खोली आवरली. आम्ही दोघं खुळी आहोत."

भिंगरीने मला पायापासून तेलापर्यंत पाहिले. आधी हसली. मग जी तडकली ती विचारू नकोस: माझ्या वस्तूंना मला न विचारता हात का लावला, पंख्याचा स्क्रू कुठे गेला, आता तो शोधल्याशिवाय कुणी जेवायला बसायचे नाही. इतक्या हक्काने ओरडणारी मुलगी पाहुणी असूच शकत नाही, हा निष्कर्ष बाईंनी माझ्या खुलाशाविनाच काढला आणि त्याही स्क्रू शोधायला खाली बसल्या. (सापडला. माझ्या खिशात होता.) चहा पिऊन, हसत गेल्या. एक बारीक बाब सोडल्यास सगळे मान्य.

बाकी क्षेम. औषधे वेळेवर घे.

तुझा,
भाऊ

ता. क. ती बारीक बाब अशी. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले. उद्या आमचे काही कमीजास्त झाले तर भिंगरीला पाहणारे जवळचे कोण, असे बाईंनी विचारले. तुझे 'नसती उठाठेव' आठवून मी तुझे नाव घेतले नाही. भिंगरी म्हणाली, "आत्या आहे ना." तेव्हा बाई येत्या गुरुवारी तुझ्याकडे येत आहेत. नाही म्हणायचे असेल (तो तुझा अधिकार आहे) तर ते त्यांनाच सांग. मला सांगू नकोस, कारण मग ते पोरीला मला सांगावे लागेल, आणि ते माझ्याने व्हायचे नाही.

आणखी ता. क. (अक्षर वेगळे आहे)

आत्या, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. खोली काकूंनी नाही, काकांनीच आवरली. काकूंनीच सांगितलं, त्या राहू द्या, राहू द्या म्हणत होत्या. बाईंनी मला विचारलं आत्या कशा आहेत, तर मी सांगितलं खूप प्रेमळ आहेत. मी तुम्हाला अजून पाहिलेलं नाही. गुरुवारी तेवढं सांभाळून घ्या.