सुरकुतलेल्या गोळ्या

चि. भीमास, आक्काचा अमेरिकेतून पोटभर आशीर्वाद.

मी लेकीकडं, राजनंदिनीकडं, मजेत आहे. थंडीनं गुडघा जरा कुरकुरतो, एवढंच. तुझा खोकला थांबला का?

शेजारचा डेव्हिड हरणाच्या शिकारीच्या बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या घरीच ओततो. शिसं मऊ म्हणून बंदुकीची दारूही बेतानं भरतो. तरी गोळ्या निशाण सोडून कुठंही जायच्या. बिचारा राजनंदिनीला म्हणाला, हरीण जखमी होऊन तडफडायचं, त्यापेक्षा यंदा शिकारच नको.

मी गोळ्या बघितल्या, तर सगळ्या सुरकुतलेल्या! उजनी धरणावर आपल्या मासळीच्या जाळ्याला शिशाचे मणी पहिल्यांदा ओतले, तेव्हा असेच निघाले होते.

"अगं, सांग त्याला, साचा गार हाय. आधी चांगला तापव, पहिल्या धा गोळ्या परत वितळव."

"आई, आता त्याला शिकवतीस व्हय?" लेक लाजली.

पण गड्यानं ऐकलं. काल निशाणावर मारलेल्या पाचही गोळ्या एका पुरीएवढ्या जागेत बसल्या! अंगणात नाचला की रे. आता शिकारीला निघालाय.

"कुठं शिकलात?" त्यानं विचारलं.

"धाकट्या भावाकडं," मी ठोकून दिलं. खरं तर तूच माझ्याकडून शिकलास. पण परमुलखात तुझं नाव होऊ दे.

आपल्या छोट्या लीलाला जवळ घेतलंय म्हणून सांग.

तुझी,
प्रयागआक्का