टाळीचा दिवा

खर्डा, २ डिसेंबर १९९६

चि. प्रशांत यास जयभीम व अनेक आशीर्वाद.

माझे गुडघे चालेनात म्हणून तू बसवलेला टाळीचा स्विच आता डोक्यात जातो आहे. खाटेवरून टाळी वाजवली की चुलीवरचा दिवा लागावा, दुसरीला विझावा, एवढंच त्याचं काम. मी हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटतो तेव्हा हा ढिम्म, आणि सकाळी न बोलावता लागतो नि विझतो. सुप्याच्या कंपनीत असलंच बनवता का? तुझी आई असती तर तिनं तो केव्हाच चुलीत घातला असता. उपाय कळव. सीमाला आशीर्वाद.

तुझे दादा

सुपा, ९ डिसेंबर १९९६

तीर्थरूप दादांस सविनय जयभीम, वि. वि.

स्विचला टाळी आणि थाप यांतला फरक कळत नाही. शेजारच्या झुंबरबाई सकाळी भाकरी थापतात, मधली भिंत पातळ. त्याला वाटतं तुम्हीच टाळ्या वाजवताय. डबीवरचा बारीक स्क्रू थोडा डावीकडे फिरवा, म्हणजे त्याला जरा कमी ऐकू येईल.

आई गेल्यापासून तुम्ही एकटे आहात याची मला फार काळजी वाटते. इथली एक खोली रिकामीच आहे, सीमा रोज विचारते. आता या. प्रकृतीला जपावे, माया आहे तशीच ठेवावी.

आपला, प्रशांत

खर्डा, १६ डिसेंबर १९९६

चि. प्रशांत यास जयभीम व आशीर्वाद.

स्क्रू फिरवला. आता माझी टाळी त्याला अजिबात ऐकू येत नाही, सकाळचं मात्र चालूच आहे. झुंबरबाई दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेली. मास्तर, घराकडं ध्यान ऱ्हाऊ द्या, आमी पाडव्यालाच येतू, असं सांगून गेली. तिच्या दाराला कुलूप आहे.

भूत नसतं, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. पण दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो आणि मग जरा थांबतो. भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायला लागतो तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू. तुझी आई अशीच थापायची. मला भीती वाटते, आणि हे बंद पडेल याची त्याहून जास्त वाटते. म्हणून मी येणार नाही. राग मानू नकोस.

तुझे दादा

सुपा, ३० डिसेंबर १९९६

तीर्थरूप दादांस सविनय जयभीम, वि. वि.

तुम्ही नको म्हणत असताना बावीस तारखेच्या रविवारी मी स्विच काढून आणला. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात, ते डोळ्यांपुढून हलत नाही. कंपनीत माइक, तारा, सांधे सगळं तपासलं. कसलाही दोष नाही. घरी स्वयंपाकघरातल्या दिव्याला जोडून ठेवला.

आमच्याकडे पोळ्या लाटतात, भाकरी नाहीच. आज सकाळी सीमा अंघोळीला गेली होती, मी एकटा चहा पीत होतो. दिवा लागला, विझला, लागला, विझला. मग थांबला. मग पुन्हा. दादा, कप खाली ठेवायचंही माझं धाडस झालं नाही. मी चुकलो. तो परत आणून लावू का? आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला, प्रशांत

खर्डा, ३ जानेवारी १९९७

चि. प्रशांत यास जयभीम व आशीर्वाद.

परत आणू नकोस. इथं सकाळी आता काहीच होत नाही. तुझी आई कधी एकटी एस.टी.त बसली नाही, आणि तू तिला पिशवीत घालून घेऊन गेलास. परक्या घरात मीठ कुठं, परात कुठं, तिला काही सापडायचं नाही, आणि सुनेला विचारायला ती लाजेल. मी पुढच्या शनिवारच्या, अकरा तारखेच्या गाडीनं येतो. तोवर सकाळी तिच्याजवळ कुणीतरी बसत जा. तिला सांग, मी निघालोय.

तुझे दादा