‘एकमेव’ हा शब्द खोडण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
नवीन साधने व सुधारणा नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे.

विषय : हाताने फेकायच्या सुधारित बाणाच्या (डार्ट) नोंदणीतून ‘एकमेव शोधकर्ता’ हे शब्द काढून अर्जदाराच्या पत्नीचे नाव पहिल्या क्रमांकावर लावणेबाबत.

संदर्भ : १) आपले मंजुरीचे पत्र, जावक क्र. ११८, दि. ११ जुलै.
२) खिडकी क्र. ३ वरून दि. १९ जून रोजी परत आलेला मूळ अर्ज.
३) आपल्या दालनात दि. ६ जून रोजी झालेली चाचणी.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ चे पत्र अर्जदारास मंगळवारी मिळाले. बाणाची नोंदणी मंजूर झाली असून प्रमाणपत्र येत्या सोमवारी छापावयास जाणार असल्याचे त्यात कळविले आहे. त्याबद्दल अर्जदार आपला आभारी आहे. तथापि पत्राच्या दुसऱ्याच ओळीत अर्जदाराचा उल्लेख ‘एकमेव शोधकर्ता’ असा आहे. महोदय, हे धादांत खोटे आहे, आणि ते अर्जदारानेच आपणांस लिहून दिले आहे. अर्जदाराची पत्नी दि. २ जुलै रोजी वारली. प्रमाणपत्र एकदा छापले की त्यातला काना-मात्राही बदलत नाही, असे खिडकीवरच्या बाईंनी सांगितले, म्हणून हा अर्ज घाईने करावा लागत आहे.

२. अर्जदाराने छत्तीस वर्षे कारखान्यात लेथ चालवली. निवृत्तीनंतर क्रीडा मंडळाच्या धनुष्यांसाठी बाणांची पितळी टोके तो घरी कातून देत असे. पत्नी शिवणकाम करी. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवणारी बाई होती ती. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी काजे-बटणे सुटली, मग मशीन सुटले, मग भरलेला कप उचलणे सुटले. डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा, काहीतरी खेळा. म्हणून अर्जदाराने मंडळातून डार्टचा फळा आणि सहा बाण आणले व फळा भिंतीवर टांगला. पहिल्या संध्याकाळी तिचा एक बाण कपाटात घुसला, एक तिनेच शिवलेल्या पडद्यात, आणि एक अर्जदाराच्या चपलेत. चपलेत त्या वेळी अर्जदारही होता. ती पोट धरून हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. अर्जदाराला ते बघवेना, म्हणून थरथरत्या हाताला चालेल असा बाण करायचे त्याने मनावर घेतले.

३. अर्जदाराने एकामागून एक अकरा नमुने केले. त्याचे सगळे डोके वजनावर चाले. बाण जड केला की हात स्थिर राहील, अशी त्याची ठाम समजूत. नमुना क्र. ७ पाहून पत्नी म्हणाली, “अहो, हा फेकायचा, की याच्यावर कपडे वाळत घालायचे?” अकरावा नमुनाही कपाटात घुसल्यावर तिने आपल्या मशीनमधली बॉबीनची डबी अर्जदारासमोर आदळली. म्हणाली, “ही बघा, आत बॉबीन जरा सैल बसते म्हणून दोरा सुरळीत येतो. तुम्ही बाण नुसता ठोकून घट्ट केलाय. माझा हात हलतोय ना, मग त्याच्या आतही काहीतरी हलू द्या की!”

अर्जदार तिला म्हणाला, “तुला लेथमधलं काय कळतं?” महोदय, हे वाक्य अर्जदाराला आता दिवसातून शंभरदा आठवते.

दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप बाण आतून पोकळ कातला व आत एक सैल कडी सोडली. शेपटाची पाती पत्नीकडच्या उरलेल्या बकरमची, म्हणजे कॉलरीत घालायच्या कडक कापडाची, तीही तिनेच सांगून कापून घेतलेली. हाताचा कंप आतल्या कडीत जिरतो आणि बाण सरळ जातो. हाच नमुना क्र. १२, ज्याची नोंदणी आपण मंजूर केली आहे. यातले कातकाम तेवढे अर्जदाराचे.

४. चाचणीच्या दिवशी प्रथम आपल्या निरीक्षकांनी बाण फेकला. त्यांचा हात स्थिर होता, पण नेमाच्या नावाने बोंब होती. बाण कॅलेंडरला लागला व त्यांनी ‘उपयोग दिसून येत नाही’ असा शेरा मारला. तेव्हा पत्नीने विचारले, “साहेब, मी फेकू का?” आपण परवानगी दिलीत. नियमानुसार एकामागून एक तीन लक्ष्यकागद लावले गेले, प्रत्येकावर एक फेक. तिन्ही वेळा बाण मधल्या लाल ठिपक्यात. आपण खुर्चीवरून उठून “वा, बाई!” म्हणालात, हे आपणांस आठवत असेल. तिन्ही कागदांवर आपण स्वतः शिक्का मारून सही केलीत. त्या दिवशी घरी जाताना ती जिन्याचा कठडा न धरता उतरली. अर्जदार मागून दोन्ही हात पुढे धरून उतरत होता.

५. मूळ अर्जात ‘शोधकर्ता’ या रकान्यात पत्नीचे नाव पहिले होते. तो अर्ज परत आला. कारण, तीन प्रतींवरील तिच्या तीन सह्या ‘तीन भिन्न व्यक्तींच्या दिसतात’. अर्जदाराने पुन्हा प्रती आणल्या. तिने दुपारभर सह्या केल्या. एकही दुसरीसारखी येईना. शेवटी तिने पेन ठेवले आणि म्हणाली, “खोडा माझं नाव. सहीपायी बाण कशाला अडकवता? आपल्या दोघांना माहीत आहे, तेवढं बस.” आणि अर्जदाराने ते ऐकले. फूटपट्टी तिनेच धरली. ती हलत असल्याने नावावरची रेघ वाकडी आली, व अर्ज घेताना खिडकीवरच्या बाई म्हणाल्या की खाडाखोड तरी नीट करायची. अर्जदाराने त्याचीही माफी मागितली.

६. नंतर तापाचे निमित्त झाले आणि चार दिवसांत सगळे आटोपले. मंजुरीचे पत्र तिने पाहिले नाही. फळा अजून भिंतीवर आहे. अर्जदार एकदा फेकायला उभा राहिला, पण कपाटावरची भोके बघून त्याला रडू कोसळले.

७. नाव पुन्हा लावायचे तर शोधकर्त्याने अधिकाऱ्यांसमोर, स्वतःच्या हाताने, तीन प्रतींवर, एकसारखी सही केली पाहिजे, असा नियम बुधवारी खिडकीवर दाखविण्यात आला. ती हयात नसल्याचे सांगितल्यावर ‘मग प्रश्नच मिटला’ असे उत्तर मिळाले. महोदय, प्रश्न मिटलेला नाही. आपल्या फायलीत पान ३१, ३२ व ३३ वर ते तीन लक्ष्यकागद आहेत. ते तिने आपल्यासमोर, स्वतःच्या हाताने केले आहेत, त्यावर आपलाच शिक्का आहे. कृपया ते तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीपाशी धरावेत. भोकातून उजेड आरपार येईल. तिची सही म्हणून ती भोके मान्य करावीत, एवढीच अर्जदाराची हात जोडून विनंती आहे.

तिचे नाव या अर्जात लिहायला अर्जदाराचा हात धजत नाही. सोबतच्या कागदावर, वाकड्या रेघेखाली, ते अजून वाचता येते.

आपला नम्र,
(सही)
दोघांपैकी मागे राहिलेला अर्जदार

दिनांक : १६ जुलै

सोबत : १) मृत्यूचा दाखला. २) नाव खोडलेल्या अर्जाची पोच म्हणून परत मिळालेली प्रत. ३) बॉबीनची डबी, एक. (पाहून झाल्यावर परत मिळावी.)