सहा भेटींपैकी पाचवी

वर्धा, १२ मे

आदरणीय मामाजींना अश्वजितचा मनापासून जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा कुलर गळायचा थांबला का? मी ठीक आहे (वरणात मीठ दोनदा पडतं, एवढंच). तुमची मयुरी, म्हणजे माझी बायको, अकरा दिवसांपासून गिरडला तुमच्याकडे आहे ती हवापालटासाठीच, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझा फोन ती उचलत नाही, तिकडे रेंज नसेल.

तुम्ही मागे विचारलं होतं की, जावईबापू, तुम्ही दवाखान्यात नेमकं करता काय? तर मी फक्त सहा भेटींत मनाचं दुखणं हलकं करतो. कोणी बालपण खोदतं, कोणी विचार तपासतं, कोणी घरचा अभ्यास देतं, कोणी रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावतं. मी चौघांचं थोडं थोडं घेतो. कागदावर हे फार छान दिसतं.

मग देवळीहून रूपराव आले (नाव बदललंय, सरपंचांना विचारत बसू नका). चार महिन्यांपासून नवराबायकोचं बोलणं बंद. जेवायला बसताना हे वासराला सांगत, "सांग तिले, मी बसलो." त्यांची बायको लीलाबाई आता कायमची लेकीकडे चंद्रपूरला निघाली होती, म्हणून हे घाबरून माझ्याकडे. भांडण कशावरून, ते मात्र सांगेनात.

पहिल्या भेटीत मी बालपण विचारलं. त्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली, आणि वेळ संपली तेव्हा त्यांच्या वडिलांचं लग्न ठरत होतं. दुसऱ्या भेटीसाठी वही दिली: डावीकडे त्रास देणारा विचार, उजवीकडे त्याचा पुरावा. त्यांनी डावीकडे 'बायको ऐकत नाही' लिहिलं आणि पुराव्यादाखल दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा जोडून आणला (एका शेजाऱ्याने खाली 'माझीही ऐकत नाही' असं लिहिलं होतं). तिसऱ्या भेटीत श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं, तर ते घोरायला लागले. मी उठवलं नाही. उन्हातून आले होते.

चौथ्या भेटीत रिकामी खुर्ची काढली. म्हटलं, इथे लीलाबाई बसल्यात असं समजा आणि बोला. रूपरावांनी खुर्चीकडे पाहिलं, गळ्यातला दुपट्टा काढून तिच्यावर टाकला, एसटीच्या खिडकीतून सीट धरतात तसा, आणि म्हणाले, "धरून ठेवा जी. तिले घेऊनच येतो." आणि गेले. आठवडाभर माझ्या दवाखान्यात त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही, मीसुद्धा नाही.

पाचव्या भेटीला खरोखरच लीलाबाई आल्या, दुपट्टा घडी करून मांडीवर घेतला आणि बोलू लागल्या. त्यांच्या आईचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड रूपरावांनी न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकला होता. मी मध्ये विचार तपासायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "तुमी जरासे चूप बसा, डॉक्टर." मी बसलो. त्यांचं सगळं बोलून झाल्यावर रूपराव म्हणाले, "तुले इचाराले पायजे होतं. माह्यं चुकलं." लीलाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "चला, बस सुटन." संपलं. सहाव्या भेटीला ते आले नाहीत. कोणत्या पद्धतीने गुण आला ही नोंद करायची राहिली आहे, कारण मला ती पद्धत सापडत नाही.

मामींना जय भीम. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
अश्वजित

ता.क. मयुरी हवापालटाला आलेली नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. दोन गुणांनी ती परीक्षेत नापास झाली, ती रडत होती, आणि मी म्हणालो, "'मी नापास आहे' या विचाराला पुरावा काय?" तिने गुणपत्रक माझ्या हातात दिलं आणि बॅग भरायला घेतली. मी तेव्हाही तिला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. माझं चुकलं, मामाजी. मला नुसतं तिच्याजवळ बसायचं होतं, आणि ते मला आलं नाही.

ता.ता.क. रविवारी पहिल्या बसने येतो. दार तिने उघडलं नाही तर ओट्यावर बसेन. तुम्ही दया येऊन मला आत घेऊ नका, आत तिनेच घ्यायला हवं. मामींनी चहा बाहेर दिला तर चालेल.